जिंकणारा घोडा आणि परवडणारा घोडा

मराठी मध्यमवर्गीय घरात 'रेस' हा शब्द आजही जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. कुणाच्या काकांनी गिरगावातली जागा घालवली, कुणाच्या मामांनी मामीच्या पाटल्या गहाण टाकल्या, अशी एखादी कथा बहुतेक कुटुंबांच्या पोतडीत असतेच. आणि महालक्ष्मीला नारळ फोडून तसेच पुढे रेसकोर्सच्या फाटकातून आत शिरणारे, तेही आपल्यातलेच. या दोन्ही मंडळींचा एक समज मात्र समान असतो. रेस खेळणे म्हणजे जिंकणारा घोडा ओळखणे! काकांना तो ओळखता आला नाही म्हणून जागा गेली. ज्याला ओळखता येईल त्याची चंगळ होईल. माझ्या मते सगळा घोटाळा या समजातच आहे.

घोडा ओळखता येतो. ते अवघड आहे, पण अशक्य नाही. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. जानेवारी १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की, घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. म्हणून त्यावरची पैज कायद्याच्या अर्थाने जुगार ठरत नाही. या निकालाचा दाखला रेसवाले लोक इतक्या अभिमानाने देतात की जणू न्यायमूर्तींनी त्यांना जातीने प्रशस्तिपत्र दिले आहे. निकाल खेळाबद्दल होता. खेळणाऱ्याच्या अंगी ते कौशल्य आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

ते कौशल्य असते तरी कसले? पुण्याचा पावसाळी हंगाम घेऊ. शनिवार-रविवार जोडून शर्यती आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी रेसचे पुस्तक हातात आले आहे. नवख्या माणसाला त्यात नुसते आकड्यांचे किडे दिसतात. पण ज्याने आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले आहेत, त्याला ती भाषा ओळखीची वाटते. घोड्याच्या मागच्या पाच धावा म्हणजे पक्षकाराचे मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद. तो कितवा आला यापेक्षा कोणाबरोबर धावला, किती अंतर धावला आणि पाठीवर किती वजन घेऊन धावला हे महत्त्वाचे. वरच्या वर्गात चौथा आलेला घोडा खालच्या वर्गात उतरला, तर त्या चौथ्या क्रमांकाला खालच्या पहिल्या क्रमांकाहून अधिक मोल असू शकते.

वजनाची भानगड समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतो आणि त्या गुणांप्रमाणे, ढोबळमानाने एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने, जॉकीसह वजन ठरते. चांगल्या घोड्याला जास्त ओझे, कमी प्रतीच्या घोड्याला कमी. जॉकी वजनाने हलका असेल तर खोगिरात शिशाचे पत्रे घालून भरपाई करतात. सोळाशे मीटरच्या शर्यतीत एक किलो म्हणजे साधारण एका घोड्याच्या लांबीचा फरक, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. याचा मथितार्थ असा की, सगळे घोडे एकाच क्षणी विजयरेषेवर पोहोचावेत हे हँडिकॅपरचे स्वप्न! आणि त्यातला एक पुढे असेल हे ओळखणे हे आपले काम. म्हणजे जिंकणारा घोडा ओळखता येऊ नये यासाठी पगार घेणाऱ्या माणसाशी आपण डोके लढवत असतो.

मग जमीन. पुण्यात गुरुवारी सरी पडल्या की शनिवारची माती वेगळी असते. पेनेट्रोमीटर नावाची टोकदार सळई ठराविक वजनाने जमिनीत किती रुतते ते मोजतात आणि तो आकडा जाहीर होतो. आकडा मोठा तितकी जमीन मऊ. काही घोडे मऊ जमिनीत खुलतात, तर काही पाय उचलतानाच वैतागलेले दिसतात. मग पहाटेच्या सरावाच्या नोंदी. 'सहाशे मीटर ३९ सेकंदांत, प्लीज्ड'. हा 'प्लीज्ड' शब्द मला फार आवडतो. घोडा प्रसन्न होता, की पाहणारा वार्ताहर, की मालक, हे कधीच स्पष्ट होत नाही. त्यानंतर जॉकी बदलला आहे का, घोड्याला पहिल्यांदाच झापडे लावली आहेत का, शिकाऊ जॉकीमुळे वजनात सूट मिळाली आहे का. शेवटी पॅडॉकमध्ये घोडा फिरवतात तेव्हा प्रत्यक्ष दर्शन. अंगावर तकाकी हवी, कान जागे हवेत. शर्यतीआधीच घामाने फेसाळलेला घोडा आपली शक्ती तिथेच खर्चत असतो.

आणि एवढे करूनही पुस्तकात न छापलेला एक प्रश्न उरतोच. कट्ट्यावरचे जुने पंटर तो सरळ विचारतात, "आज ट्राय करणार का?" दोन-चार शर्यतींत मागे राहून गुण कमी करून घ्यायचे आणि वजन उतरले की जोर लावायचा, असा संशय जगातल्या प्रत्येक रेसकोर्सवर घेतला जातो. स्टुअर्ड मंडळी चौकशा करतात, चित्रफिती पाहतात, शिक्षाही देतात. तरी संशय मरत नाही.

हे सगळे मन लावून करणारा माणूस, समजा, खरोखर चांगला जाणकार झाला. आता हिशेब करू.

टोटवर, म्हणजे टोटलायझेटरवर, आपण क्लबविरुद्ध खेळत नाही. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने काढली. पुढे मुलॉं रूज हे नाट्यगृह उघडणाऱ्यांपैकी तो एक. माणसांना कशात पैसे घालवायला आवडते याची त्याला उत्तम जाण असावी! सगळ्यांचे पैसे एका पेटीत जमा करायचे, त्यातून चालकाचा आणि सरकारचा वाटा काढायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे तुमचा प्रतिस्पर्धी घोडा नाही, क्लब नाही; खिडकीपाशी तुमच्या पुढे-मागे उभी असलेली रांग आहे.

समजा, दहा जणांनी शंभर-शंभर रुपये लावले. हजार झाले. कर आणि कमिशन मिळून तीनशे गेले असे धरू, सातशे उरले. फेव्हरिट घोड्यावर चौघांनी पैसे लावले होते आणि तो जिंकला. प्रत्येकाला १७५ रुपये मिळाले. सगळे खूष. पण दहातल्या चौघांनी लावले म्हणजे रांगेच्या मते तो घोडा दहापैकी चार वेळा जिंकेल. रांगेचा अंदाज अचूक असेल, तर अशा पाच शर्यतींत पाचशे लावून तो दोनदा जिंकणार आणि हातात ३५० पडणार. दीडशे रुपये गेले, आणि तेही घोडा अगदी बरोबर ओळखून! नुसती बरोबरी साधायची तरी अशा सातपैकी चार शर्यती जिंकाव्या लागतील. म्हणजे ज्या घोड्याची जिंकण्याची शक्यता सगळ्या रांगेला चाळीस टक्के वाटते, ती प्रत्यक्षात सत्तावन्न टक्के आहे हे फक्त तुम्हाला कळलेले असले पाहिजे. तेव्हा कुठे जमा-खर्च शून्यावर येतो.

आणि कापला जाणारा वाटा वाढतच चालला आहे. जीएसटी आल्यावर २०१७ पासून रेसच्या पैजेवर २८ टक्के कर बसला. तो क्लबच्या कमिशनवर की पैजेच्या पूर्ण रकमेवर, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२३ मध्ये पूर्ण रकमेच्या बाजूने कायदाच बदलला. सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. शिवाय मोठी रक्कम जिंकलात तर तिच्यावर ३० टक्के आयकर. तो कर जिंकलेल्या रकमेवर. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. एवढे ओझे पाठीवर घेऊन कुठला घोडा पहिला येतो?

प्रश्न असा की, रांग चुकते कुठे? कारण ती चुकली तरच आपल्याला वाव. स्क्वॉन्डररसारख्या घोड्याच्या बाबतीत ती चुकत नसे. सत्तरच्या दशकातला हा घोडा एकोणीसपैकी अठरा शर्यती जिंकला. त्याच्यावर लावणाऱ्याला आनंद भरपूर मिळाला असेल; पैसे कितपत सुटणार? जे सगळ्यांना ठाऊक आहे त्याला भाव मिळत नाही. मात्र रांगेची एक खोड जुनी आहे. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शेकडो शर्यतींचे आकडे तपासले, तेव्हा त्याला आढळले की लोक दूरच्या, 'फ्लूक' घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. शंभराचे दोन हजार होण्याचे स्वप्न माणूस चढ्या भावाने विकत घेतो. लॉटरीच्या दुकानापुढची गर्दी आठवा. पण ही खोड माहीत झाली म्हणून फेव्हरिटवर आंधळेपणाने लावत सुटलो तरी तोटा फक्त कमी होतो. कर आणि कमिशन भरून निघत नाही.

हाँगकाँगमध्ये बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने ऐंशीच्या दशकात संगणकावर घोड्यांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यावर अफाट पैसा मिळवला. एकाच माणसाने रेस खरोखर जिंकली, असे म्हणावे तर हेच उदाहरण. १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत एका लेखात मांडली. त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. प्रत्येक घोड्याबद्दलची कितीतरी माहिती संगणकात भरूनही केवळ स्वतःच्या गणितावर त्याचे भागत नव्हते; बोर्डावरचे भाव, म्हणजे रांगेचे मत, त्याला आपल्या हिशेबात मिसळावे लागले. इतकी ती रांग शहाणी असते. आणि आपण रविवारी दुपारी घोड्याचे नाव मुलीच्या नावासारखे आहे म्हणून तिच्याशी वाद घालायला निघतो!

रांगेशी वाद घालण्याचा दुसरा मार्ग म्हणजे टिप. टिपा विकणाऱ्याचा धंदा समजायला गणित लागत नाही. आठ घोड्यांची शर्यत आहे. ऐंशी गिऱ्हाइकांना दहा-दहाच्या गटाने आठ वेगवेगळे घोडे सांगायचे. दहा जण जिंकणारच. पुढच्या शनिवारी ते दहा जण चढ्या दराने टिप घेणार आणि चारचौघांत त्याचे नाव काढणार. उरलेले सत्तर जण गप्प बसतात, कारण हरलेली टिप कुणी घरी सांगत नाही.

माझ्या पाहण्यात एक हेड कॅशियर होते. नोकरीभर रेसला गेले, पण त्यांच्या घरात त्यावरून कधी आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. पगाराच्या दिवशी ते एका पाकिटात ठरावीक रक्कम घालत. ती संपली की महिना संपला. जिंकलेले पैसे पाकिटात परत जात नसत, ते वहिनींकडे. त्याच शाखेत दुसरे एक गृहस्थ होते, ते पतपेढीचे कर्ज काढत. अर्जावर कारण 'घरदुरुस्ती'. त्या घराची इतकी दुरुस्ती झाली की शेवटी ते घर राहिलेच नाही. घोडा ओळखण्यात हे दुसरे गृहस्थ कॅशियरसाहेबांच्या पुष्कळ पुढे होते. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे या जॉकींनी कुठला घोडा कसा काढला, याची वर्णने त्यांच्या तोंडून ऐकावीत.

किती लावावे यावर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक सूत्र मांडले. आपला अंदाज भावापेक्षा जेवढा सरस, तेवढ्या प्रमाणात शिलकीतला हिस्सा लावावा. अंदाज सरस नसेल तर उत्तर शून्य येते. आमच्या कॅशियरसाहेबांनी केलीचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही, पण त्यांच्या खिशातल्या वहीत शर्यतीगणिक एक ओळ असे आणि बहुतेक ओळींपुढे 'नाही' लिहिलेले असे. नऊ शर्यतींच्या दिवशी ते एखादी, फार तर दोन खेळत. बाकीच्या वेळी कठड्याला टेकून, चहा पीत घोडे बघत.

त्यांचा एकच नियम मला पुढे छापील स्वरूपात सापडला. शेवटच्या शर्यतीत बहुतेकांचे पैसे गेलेले असतात. दिवसभराचा तोटा एका फटक्यात भरून काढायला लोक दूरचा घोडा शोधतात, आणि त्यामुळे फेव्हरिटचा भाव जरा बरा राहतो. हे १९५६ मध्येच मॅक्ग्लॉथलिन या अमेरिकन अभ्यासकाने आकड्यांनिशी नोंदले. कॅशियरसाहेब खेळायचे ते बहुधा याच शर्यतीत. सहाव्या-सातव्या शर्यतीनंतर खिडक्यांपाशी आवाज वाढत, कुणी मित्राकडे उसने मागत असे, कुणी परतीच्या तिकिटाचे पैसे मोडत असे. तेव्हा हे रांगेत शांतपणे उभे राहत आणि पुढच्या माणसाने कुठल्या नंबरचे तिकीट मागितले ते कान देऊन ऐकत.