घोडं कुठं पेंड खातंय? ७१ व्या वर्षीच्या घोडेस्वाराकडून शिकूया



"सर, एकदा धंदा करून बंद केलाय. आता पंचेचाळिशी उलटली. पुन्हा सुरू करायला उशीर झाला का?"

जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हे विचारतंच. सगळ्यांसमोर नाही, चहाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन. आज उत्तर देताना धंद्याचं उदाहरण देत नाही. एका घोडेस्वाराची गोष्ट सांगतो.

जपानचे हिरोशी होकेत्सू. जन्म १९४१ चा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा वय होतं २३. प्रकार होता शो जंपिंग, म्हणजे घोड्यासकट अडथळ्यांवरून उड्या. पदक काही मिळालं नाही. मग नोकरी, संसार. १९८४ ला संघात राखीव राहिले. १९८८ ला सोलची संधी आली, पण घोड्याच्या क्वारंटाइनमुळे तीही गेली. आपल्यापैकी कोणी असता तर म्हणाला असता, "जाऊ दे, नशिबातच नाही."

होकेत्सू पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरले ते थेट २००८ ला, ६७ व्या वर्षी. मध्ये तब्बल ४४ वर्षं गेली! आणि २०१२ ला लंडनमध्ये परत उतरले. वय ७१. त्या ऑलिंपिकमधले सगळ्यात वयस्क खेळाडू तेच.

टाळ्या वाजवून थांबू नका. त्यांनी नेमकं काय केलं ते बघा.

१. नोकरी सोडून उडी मारली नाही

ते औषध क्षेत्रातल्या कंपनीत मोठ्या पदापर्यंत गेले. पण पहाटे घोड्यावर बसायचे आणि मग ऑफिसला जायचे. वर्षानुवर्षं. निवृत्त झाल्यावर, साठी ओलांडल्यावर, जर्मनीतल्या आखेनला गेले आणि पूर्णवेळ सराव सुरू केला. घोडेस्वारीत मांड पक्की लागते, म्हणजे घोड्यावरची बैठक. ती त्यांनी कधी मोडू दिली नाही.

तुमच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, मुलांच्या फिया आहेत. उद्या राजीनामा देऊ नका. सकाळचा एक तास धंद्याला द्या. दोन गिऱ्हाईकं सांभाळा. हात चालू राहू द्या.

२. घोडा सोडला नाही, प्रकार बदलला

वय वाढलं तसं उड्यांसाठी लागणारी नजर साथ देईना. मग ते ड्रेसाजकडे वळले. यात उडी नाही. ६० बाय २० मीटरच्या मैदानात घोड्याला ठरलेल्या चालींवर चालवायचं. स्वाराचे इशारे इतके बारीक, की बघणाऱ्याला दिसूही नयेत. परीक्षक प्रत्येक हालचालीला ० ते १० मध्ये गुण देतात. इथे अंगातल्या जोरापेक्षा अनुभव आणि संयम जास्त कामाला येतो.

आता तुमचं बघा. पंचविशीत तुम्ही गाडीवर माल टाकून दहा गावं फिरायचात. आज तेच करायला गेलात तर पाठ बोलेल. पण कुठला माल कधी उठतो, कोण उधारी बुडवतो, हे आज तुम्हाला कळतं. मग त्याच लाईनमधला असा धंदा शोधा, जिथे या कळण्याचे पैसे मिळतात.

३. पहिल्या दिवशी भरधाव नको

बऱ्याच वर्षांनी घोड्यावर बसणाऱ्यांची एक नेहमीची चूक असते. डोक्याला सगळं आठवत असतं, मांडीला आठवत नसतं. म्हणून चांगला शिक्षक आधी शांत घोडा देतो. सुरुवातीला नुसती चाल, मग दुडकी. थोडा वेळच. तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कुरकुरतात!

धंद्यातही तसंच. तुम्हाला आठवतात ते दर जुने, सप्लायर जुने, गिऱ्हाईकही जुनं. पहिली ऑर्डर लहान घ्या. आजचे भाव स्वतः बाजारात फिरून विचारा. मोठं भांडवल नंतर.

आता एक खरी गोष्ट

होकेत्सूंना ऑलिंपिक पदक शेवटपर्यंत मिळालं नाही. तेव्हा "परत या, करोडपती व्हाल" असं मी तुम्हाला सांगणार नाही. धंदा दुसऱ्यांदाही बसू शकतो. म्हणूनच बुडाले तरी घर चालेल, एवढेच पैसे लावा. घरच्यांना आकडा आधी सांगा. लपवून लावलेला पैसा सगळ्यात महाग पडतो.

पण वयाचं कारण मात्र नीट तपासा. आपल्याकडे विचारतात ना, घोडं कुठं पेंड खातंय? तसं स्वतःला विचारा. अडलंय ते खरंच वयामुळे, की मागच्या वेळी लोक हसले म्हणून?

आज रात्री वहीत तीन ओळी लिहा:

- मागच्या धंद्यातलं काय मला आजही झोपेत जमतं?
- आता शरीराला किंवा खिशाला काय झेपणार नाही?
- पुढचे ९० दिवस रोज कुठला एक तास मी देऊ शकतो?

तिसऱ्या ओळीत वेळ लिहा, घड्याळातली. "जमेल तसं" लिहिलंत, तर घोडं तिथेच पेंड खात उभं राहील.

भेटू पुढच्या व्हिडिओत!