मामाच्या फियाटचं इंजिन

सायकलचा पंप तुम्ही नक्कीच मारला असेल. नळीत दट्ट्या वर-खाली होतो, आणि बराच वेळ हवा भरली की नळी खालून चांगलीच तापते. आता असे चार पंप एका लोखंडी ठोकळ्यात शेजारी-शेजारी बसवलेत आणि प्रत्येकात पाळीपाळीने पेट्रोलचा भडका उडतोय, अशी कल्पना करा. झालं मोटारीचं इंजिन! दट्ट्याला म्हणायचं पिस्टन, नळीला सिलिंडर आणि ठोकळ्याला ब्लॉक. फरक इतकाच, की पंपात आपण दट्ट्या ढकलतो आणि इंजिनात भडकाच दट्ट्याला ढकलतो.

असं एक इंजिन गेल्या मे महिन्यात कसाऱ्याच्या घाटात बंद पडलं. गाडी माझ्या मामाची, १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, पण घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. त्यात चूक काही नाही. इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी बनवायची. पद्मिनी हे नाव नंतर आलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या कितीतरी वर्षं याच गाडीच्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली.

तर घाटात बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मामा उतरला, पाणी ओतलं आणि पुन्हा निघाला. दोन वळणं झाली असतील नसतील, तोच घर्र घर्र आवाज आला आणि सगळं शांत. गाडी टेम्पोला बांधून नाशिकला आणली.

गॅरेजातल्या मिस्त्रीकाकांनी पुढून हँडल घालून फिरवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. ऑइल तपासायची पट्टी ओढली, तर तिच्यावर काळ्या ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखा रंग!

“पाणी ऑइलमध्ये गेलंय, मामासाहेब. हेड वाकलं, गॅस्केट फाटलं. आणि पिस्टन धरलाय.”

एक भंगारवाला तिथेच घुटमळत होता. त्याने गाडीची किंमत सांगितली, आणि दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त निघाला. मामी म्हणाली, “द्या देऊन.” मामा काहीच बोलला नाही. ही गाडी आजोबांनी घेतलेली.

“आधी उघडून तर बघू,” मिस्त्रीकाका म्हणाले. शाळेला सुटी होती, म्हणून मीही रोज गॅरेजात जाऊन बसू लागले.

चेनकप्पीने इंजिन वर उचलून बाहेर काढलं. हेड निघालं, खालचं चेंबर निघालं. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डबीत. पिस्टन काढताना काकांनी त्यांच्यावर १, २, ३, ४ असे आकडे घातले. चौथा काही केल्या निघेना. रात्रभर ऑइल सोडून ठेवलं, सकाळी लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकला, तेव्हा कुठे तो सुटला. त्याची एक बाजू किसणीने किसल्यासारखी झाली होती.

असं का होतं? पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडाचा. दोन्ही तापले की फुगतात, पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमध्ये फट असते आपल्या केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की ती फट संपते, ऑइलचा थर पुसला जातो आणि पिस्टन भिंतीलाच चिकटतो. यालाच काका म्हणतात, ‘पिस्टनने धरलं’.

काकांनी चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं. मलाही फिरवायला लावलं. नख अडकत होतं! ओरखडे जाईपर्यंत भिंत आतून तासायची, म्हणजे ‘बोअर मारायचा’, आणि तेवढा मोठा पिस्टन घालायचा, हा त्यावरचा उपाय. पण इथे एक अडचण होती. मूळचं भोक ६८ मिलिमीटर व्यासाचं. ते आधीच एकदा तासून ६८.४ झालं होतं. आता मिळणारा पिस्टन ६८.६ चा. म्हणजे प्रत्येक बाजूने फक्त ०.१ मिलिमीटर तासायला वाव. ओरखडा त्याहून खोल असेल तर?

लेथवाल्याने म्हणूनच आधी चौथा सिलिंडर घेतला. मशीन तासभर किर्र करत फिरत होतं. मामा बाहेर उभा राहून तीन चहा प्यायला. शेवटी लेथवाल्याने आत बॅटरी मारली आणि नख फिरवलं. “एक बारीक रेघ दिसते, पण नखाला लागत नाही. होनिंगमध्ये जाईल.” ती गेली.

मला वाटलं, आता नवीन पिस्टन घातले की संपलं. पण काकांनी ब्लॉक तसाच बाजूला ठेवला.

“बाई, तो तापला का, ते कुठं कळलंय अजून?”

ब्लॉकमध्ये सिलिंडरांभोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. तिची तोंडं पत्र्याच्या गोल चकत्यांनी बंद केलेली असतात. काकांनी चौथ्या सिलिंडरजवळची चकती ठोकून काढली, तर आतून पाणी आलंच नाही. गंज आणि पांढरट क्षार यांचा घट्ट थर! बंबाच्या तळाला धरतो ना, अगदी तसा. मामा वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतत होता. ते पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हतं. रेडिएटरच्या नळ्यांचीही तीच गत. हे न बघता इंजिन जोडलं असतं, तर पुढच्या घाटात ते पुन्हा धरलं असतं, आणि त्यानंतर तासायला जागाच उरली नसती. मामा त्या थराकडे बघत राहिला. मी म्हणाले, “मामा, प्यायला फिल्टरचं आणि गाडीला बोअरचं?” त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तारेने खरवडून, पाण्याचा झोत मारून दोन दिवस सफाई चालली. वाकलेलं हेड मशीनवर सपाट करून घेतलं. व्हॉल्व्ह घासले, नवीन बेअरिंग घातली. हेडचे बोल्ट आवळायची रीत मला फार आवडली. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. टोकाकडून आवळलं तर हेड पुन्हा वाकायचं.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक काम. पिस्टन ७५ मिलिमीटर वर-खाली जातो, सिलिंडर चार. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरून मूळचं इंजिन किती घन सेंटिमीटरचं होतं ते काढा. १०८९ च्या आसपास आलं पाहिजे. मग व्यास ६८.६ धरून पुन्हा काढा. मामाची गाडी आता कागदावरच्यापेक्षा थोडी मोठीच झाली आहे!

इंजिन पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा भडभड करून बंद पडलं. प्लगच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या होत्या. या इंजिनात भडका १, ३, ४, २ अशा क्रमाने उडतो. वायरी बदलल्या, आणि दुसऱ्या खेपेला इंजिन शिलाईमशीनसारखं चालू लागलं.

पहिले हजार किलोमीटर गाडी सावकाश चालवायची, घाट चढायचा नाही, असं काकांनी बजावलंय. परवा फोनवर मामाने आकडा सांगितला : ६४०. डिकीत स्वच्छ पाण्याचा कॅन असतो, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.