बुटकी गाडी आणि धुराची वाट

मोटारगाडीच्या पोटाखाली काय काय असते, हे वाकून पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो. रंग, चाके, दिवे, आतल्या गाद्या यांची चर्चा कॉलेजच्या कट्ट्यावर भरपूर होते; पण इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी काळपट नळी मात्र फुटून आवाज करू लागेपर्यंत कोणाच्या गणतीत नसते. अलीकडे जुनी गाडी विकत घेऊन ती जमिनीलगत खाली बसवून घेण्याची हौस आपल्या सीमाभागातही आली आहे. स्प्रिंगा बदलल्या की गाडी दोन इंच खाली येते, देखणी दिसते, आणि पहिल्याच गतिरोधकावर पोटाखालून खर्रर्र असा आवाज येतो. घासते ती बहुधा हीच नळी. मग तो पाइप नव्याने, वेगळ्या वाटेने बसवून घेण्यासाठी गाडी वेल्डरच्या दारात उभी राहते. काकतीजवळ महामार्गालगतच्या एका शेडमध्ये असे काम मी अनेकदा जवळून पाहिले आहे आणि मापे घ्यायला हातही लावला आहे. या कामात वेल्डिंगपेक्षा हिशेब मोठा असतो. तो हिशेब साध्या भाषेत मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

नळीची कामे

इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र होतो. तेथून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो, मग लवचीक जाळीदार जोडातून लांब नळीत, नळीतून सायलेन्सरमध्ये आणि शेवटी शेपटीच्या पाइपातून बाहेर. या प्रवासात चार कामे व्हावयाची असतात. वायू अडखळल्याशिवाय बाहेर पडला पाहिजे, त्याचा आवाज मेला पाहिजे, त्यातील विष कमी झाले पाहिजे, आणि उरलेले विष बसणाऱ्यांपासून दूर नेऊन सोडले पाहिजे. आवाज आणि वेग यांकडे सर्वांचे लक्ष असते. चौथ्या कामाकडे कोणाचेच नसते, म्हणून त्याकडे पुढे पुन्हा वळणार आहे.

कन्व्हर्टर ही तुलनेने नवी वस्तू होय. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले आणि तो सगळीकडे रुळला. त्याच्या आतील जाळी साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापल्याखेरीज काम सुरू करीत नाही. म्हणूनच तो इंजिनाच्या जवळ असावा लागतो. जागा अडते म्हणून तो काढून टाकणे किंवा मागे सरकवणे हा तोडगा नव्हे. त्याच्या पुढे-मागे असलेले ऑक्सिजनमापक संवेदकही जागच्या जागीच राहिले पाहिजेत.

जागेचा हिशेब

आता मूळ प्रश्न. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये नळीला खरोखर किती जागा उरते?

लहान मोटारीच्या तळाची जमिनीपासूनची उंची साधारण १६५ मि.मी. धरू. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २४५० मि.मी. धरू, स्विफ्टच्या अलीकडच्या पिढ्यांत ते एवढेच आहे. गाडी ५० मि.मी. खाली बसवली की उरले ११५. हे झाले सपाट जागेवर. आता गतिरोधक घेऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असतो, म्हणजे तो सुमारे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. गाडी त्याच्या बरोबर मधोमध आली की चारही चाके गतिरोधकावरच असतात आणि गाडीही उचललेली असते. शाळेतल्या भूमितीने जीवा आणि कंस यांमधील उंची काढली, तर चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर गतिरोधकाचा फुगवटा फक्त ४४ मि.मी. येतो. उरले ७१. गाडीत चार माणसे आहेत आणि स्प्रिंगा ४० मि.मी. दबल्या असे धरले, तर उरतात ३१ मि.मी. म्हणजे सव्वा इंच. नळी तळाच्या खाली दीड इंच लोंबत असेल, तर ती घासणारच.

हा झाला नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक. महामार्ग सोडून गावात शिरताना आपणांस जे भेटतात ते हात-दोन हात रुंदीचे, वीतभर उंचीचे उंचवटे असतात. ते चारही चाकांच्या मधे पूर्ण मावतात. तेव्हा चाके सपाट रस्त्यावर आणि उंचवटा पूर्ण उंचीने गाडीच्या पोटाखाली, अशी स्थिती होते. १५ सें.मी. उंचीच्या अशा उंचवट्यावरून ११५ मि.मी. उंचीची गाडी नळी कशीही बसवली तरी जाणार नाही. हे गणित स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वी, आपल्या रोजच्या रस्त्यावर टेप घेऊन करावे. ते जमत नसेल, तर पुढचे सर्व कौशल्य व्यर्थ होय.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. उंचवट्याचा उपद्रव सर्वांत जास्त होतो तो दोन चाकांच्या बरोबर मध्यावर. चाकाच्या जवळचा भाग चाकाबरोबर वर उचलला जातो, त्यामुळे तेथे नळी थोडी खाली असली तरी चालते. म्हणून फ्लँज, जोड, लहान सायलेन्सर असे जाड भाग मध्यावर येऊ देऊ नयेत. ते चाकांच्या जवळपास सरकवावेत. मध्यावर फक्त सरळ, बारीक नळी असावी.

वाट कोठून काढावी

पूर्वीच्या ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असे. तळाच्या मधला उंच बोगदा प्रोपेलर शाफ्टने व्यापलेला असल्याने नळीला बाजूने जावे लागे. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या मारुती ८०० सारख्या गाड्या आल्या आणि तो बोगदा मोकळा झाला. आजच्या लहान गाड्यांत नळीची उत्तम वाट म्हणजे हाच बोगदा. मूळची नळी पुष्कळदा त्याच्या तोंडाशी लोंबत असते. नवी नळी आत चढवली, तर एक इंचापर्यंत उंची मिळू शकते. मात्र आत हँडब्रेकची तार, ब्रेकच्या व पेट्रोलच्या बारीक नळ्या असतील, तर त्यांच्यापासून अंतर राखावे लागते.

खरी कसोटी मागच्या ॲक्सलपाशी लागते. मूळची नळी तेथे कमान घेऊन ॲक्सलच्या वरून जाते. गाडी ५० मि.मी. खाली आली, म्हणजे ॲक्सल गाडीच्या तळाच्या तेवढाच जवळ आला; वरच्या कमानीची जागा नेमकी तेवढीच कमी झाली. खड्ड्यात ॲक्सल उसळला की तो नळीवर आपटतो. येथे नवशिके एक गोष्ट विसरतात. गाडी जॅकवर उचलली की चाके खाली लोंबतात आणि ॲक्सलच्या वर ऐसपैस जागा दिसते. ती जागा खोटी आहे. माप घ्यावयाचे ते गाडी पिटावर स्वतःच्या चाकांवर उभी असताना. आणि शक्य झाल्यास एका बाजूची स्प्रिंग काढून, ॲक्सल जॅकने रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर चढवून. त्या स्थितीतही नळीभोवती अर्धा इंच मोकळा राहिला, तरच वाट खरी. जाड तारेचा नमुना वाकवून तो आधी त्या जागी धरून पाहण्याची वेल्डर मंडळींची पद्धत फार चांगली आहे. तारेची चूक दोन मिनिटांत सुधारते.

नळी केवढी आणि कशी

"तीन इंची टाका" ही मागणी नेहमीची. तिचा हिशेब पाहा. १२०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दर सेकंदाला साधारण ६० लिटर हवा ओढते. बाहेर पडताना वायू तापून तिप्पट फुगलेला असतो, म्हणजे सुमारे १८० लिटर. दोन इंची नळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर होतो आणि एवढ्या इंजिनाला तो चालण्यासारखा असतो. तीन इंची नळीने वेग निम्म्याहून कमी होईल हे खरे, पण अडथळ्याचा मोठा वाटा कन्व्हर्टर, सायलेन्सर आणि वळणे यांचा असल्याने शक्ती फारशी वाढत नाही. उंचीतला एक इंच मात्र हमखास जातो.

मोठ्या इंजिनाला मोठी नळी लागलीच, तर ती चपटी करता येते. ६३ मि.मी. म्हणजे अडीच इंची नळी दाबून ४५ मि.मी. उंचीची लांबट गोल केली, तर तिचा परीघ तोच राहतो आणि आतील क्षेत्रफळ जेमतेम नऊ टक्क्यांनी घटते. उंची वाचते १८ मि.मी., कारागिरांच्या भाषेत सहा सूत. दुसरा उपाय एकाऐवजी दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी नेण्याचा. दीड इंची दोन नळ्यांचे क्षेत्रफळ सव्वादोन इंचीहून किंचित कमी असलेल्या एका नळीएवढे भरते. मात्र भिंतींचे घर्षण वाढते आणि वजनही.

वळण देताना नळीचा घाट मोडू नये म्हणून तीत वाळू ठासून, तोंडे बंद करून, तापवून वाकवण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. वाळू पूर्ण कोरडी हवी, नाहीतर आत वाफ कोंडून नळी फुटते. विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवून ठेवावी. आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला तो प्रवाह मानवत नाही.

तापलेली नळी वाढते

थंड असताना नीट बसलेली नळी गरम झाल्यावर ठोके देऊ लागते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. लोखंड तापले की वाढते. तीन मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी तीनशे अंशांनी तापली की सुमारे ११ मि.मी. लांबते, ३०४ जातीच्या स्टेनलेसची असेल, तर १५ मि.मी. शिवाय आडवे बसवलेले इंजिन ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की मागे-पुढे डुलत असते. म्हणून इंजिनाजवळचा लवचीक जोड आणि नळी टांगणारी रबरे हवीतच. उंची वाचवण्यासाठी नळी थेट तळाला वेल्ड करणाऱ्यांची नळी काही महिन्यांत जोडाशी तडकते.

पाण्याचाही विचार करावा. एक लिटर पेट्रोल जळले की वायूबरोबर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. काकतीहून बेळगावपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही आणि हे पाणी सायलेन्सरात साचते. वरून आपला पावसाळा. म्हणून सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी बारीक छिद्र ठेवतात. उसाच्या हंगामात रस्त्यावर पाचट पडलेले असते. बुटक्या गाडीच्या तापलेल्या कन्व्हर्टरपाशी ते अडकले, तर पेट घेऊ शकते. वरचे उष्णतारोधक पत्रे काढून टाकण्याचा मोह याच कारणाने आवरावा.

विष आणि कायदा

आता राहिलेले चौथे काम. ॲक्सलपाशी जागा नाही म्हणून काहीजण नळी मागच्या चाकाच्या अलीकडेच, गाडीच्या पोटाखाली संपवतात. हा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जुन्या गाडीच्या तळाला गंजाची छिद्रे असतात, रबरी बुचे निघालेली असतात. काचा लावून, इंजिन चालू ठेवून गप्पा मारीत बसलेल्या मित्रांना आधी डोके दुखते, मग झोप येते. आणि ती झोप पुन्हा न उघडणारी ठरू शकते. म्हणून नळीचे तोंड बॉडीच्या कडेबाहेर आलेच पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हेच सांगतात. धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये. आपल्याकडे डावीकडे पादचारी असतात. प्रवासी वाहनात इंधनाच्या नळीपासून धुराची नळी ३५ मि.मी.च्या आत असू नये. सायलेन्सर असलाच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर चालवावयाच्या गाडीत काय बदलता येते, हे परिवहन कार्यालयात आधी विचारावे, वेल्डरला नंतर.

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९५८ मध्ये गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये असा नियम केला. तेव्हा तेथील एका हौशी तरुणाने १९५९ मध्ये विमानातले हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर आणि हवी तेव्हा खाली करण्याची युक्ती काढली. उंची ही रस्त्याप्रमाणे बदलावी लागते, हे त्या गुळगुळीत रस्त्यांच्या देशातही कळले होते. आपल्या रस्त्यांवर तर ते अधिकच खरे.

तेव्हा ज्यांना हौस आहे त्यांनी कामाचा क्रम लक्षात ठेवावा: आधी रस्त्याचे माप, मग कायद्याची चौकशी, मग ॲक्सल पूर्ण वर चढवून जागेचे माप, मग तारेचा नमुना, मग टाके मारून जोडणी, आणि नळी तापवून पुन्हा तपासल्यावरच पक्के वेल्डिंग. शेडमधल्या वेल्डरांना ही सूत्रे पाठ नसतात, पण बोटांनी त्यांना सहा सूत जागा कळते. आपल्याला सूत्रे येतात. दोघांनी एका पिटात उतरून एकदा माप घेतले, तर सुट्टीच्या दिवशी केलेले ते काम वर्गातल्या अनेक तासांइतके शिकवून जाईल.