आधी कॉम्प्रेशन बघा

होडीमागचं जुनं मशीन ओढेनासं झालं की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. तो खोलतात, धुतात, प्लग नवे टाकतात, आणि मशीन पुन्हा तसंच रडतं. खर्चात पडण्याआधी कॉम्प्रेशन बघा, असं मी प्रत्येक होडीवाल्याला कळकळीनं सांगतो. १९०९ साली मिलवॉकीत ओले एव्हिनरूड यांनी दीड हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर विकायला काढली, तेव्हापासून मूळ गोष्ट बदललेली नाही: पिस्टननं मिश्रण दाबायचं, मग ठिणगी. दाबच टिकत नसेल तर बाकीची दुरुस्ती वाया जाते.

मशीन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून थोडं गरम करावं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बघता बघता खराब होतो. मग सगळे प्लग काढायचे आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा, ते लक्षात राहील असे मांडायचे. त्यांच्याकडे नीट पाहा. एक काळा-तेलकट आणि दुसरा धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल, तर त्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची दाट शक्यता. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला अर्थ कराव्यात. मोकळ्या सोडल्या तर इग्निशनचा भाग जळू शकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज प्लगच्या भोकात घट्ट बसवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. पाच-सहा झटके पुरतात. थ्रॉटल बंद राहिला तर हवा कमी जाते आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं.

पेट्रोलवरच्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण ९० ते १३० पौंड दाब मिळतो. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचा आकडा मुळातच कमी असतो, कारण रॉकेल जास्त दाबाला ठोके देतं. गेजागणिकही फरक पडतो. म्हणून मी एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधलं अंतर बघतो. ११० आणि १०५ असेल तर निर्धास्त जा. ११० आणि ८० असेल तर ते मशीन खोल पाण्यात नेऊ नका.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, किंवा कार्बननं खाचेत अडकल्यात. अडकलेल्या रिंगा कधी कधी कार्बन सोडवणाऱ्या औषधानंच मोकळ्या होतात, म्हणून लगेच इंजिन उघडायची घाई नको. तेलानंही काटा हलला नाही तर हेड गॅस्केटकडे वळावं. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर एकदम पडले असतील तर आधी तिकडेच.

गेजला क्रँककेस मात्र दिसत नाही. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी तिथे दाबलं जातं. वरचा दाब उत्तम असून मशीन संथ गतीला बंद पडत असेल, तर क्रँकची सील आणि रीड व्हॉल्व्ह तपासायला घ्यावेत.