'सावत्र' ही शिवी नव्हे!

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की एक वाक्य हमखास कानावर येते : विदर्भाला सापत्न वागणूक मिळते. अन्यायासाठी जणू दुसरा शब्दच नाही, अशा थाटात पुढारी तो वापरतात आणि आपणही मान डोलावतो. पण याच शहरात, आपल्याच वस्त्यांमध्ये, दुसऱ्याच्या लेकरांचे डबे भरणारी सावत्र आई आणि त्यांची फी भरणारा सावत्र बापही हे ऐकत असतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

बाबासाहेबांच्या घरात हा प्रश्न दोनदा उभा राहिला. भीमाबाई गेल्या तेव्हा ते अगदी लहान होते. पुढे रामजींनी जिजाबाईंशी लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून बाल भीमरावाला संताप येई, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविले आहे. मातोश्री रमाईंचे 27 मे 1935 रोजी निधन झाले. 15 एप्रिल 1948 रोजी बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला. भय्यासाहेब यशवंतराव तेव्हा 35 वर्षांचे होते. नव्या आईचे आणि त्यांचे वयातील अंतर चार वर्षांहूनही कमी!

6 डिसेंबर 1956 नंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी समाजाचा राग शमला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेणारी स्त्री वर्षानुवर्षे चळवळीपासून दूर राहिली. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना परत आणले. 1990 साली बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. आम्ही इथे कुणाची बाजू घेत नाही. आई गमावलेल्या मुलाचे दुःख खरे होते आणि पती गमावलेल्या स्त्रीचेही. समाजाने मात्र दोघांना जवळ आणण्याऐवजी गट पाडले. आजही एखाद्या घरात दुसरे लग्न झाले की नातेवाईक आणि शेजारी हेच करतात.

वकिलीत आम्हाला दिसते ते असे, की यातली बरीच भांडणे मायेची नसतात, कागदाची असतात. म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. बौद्धांनाही लागू असलेल्या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे सावत्र आई-बाप हे नैसर्गिक पालक नाहीत. मृत्युपत्र नसेल तर सावत्र बापाच्या मालमत्तेत सावत्र मुलाला मुलगा म्हणून वाटा मिळत नाही. उलट, पतीच्या पश्चात दुसरी पत्नी आणि पहिलीची मुले-मुली यांचा वाटा समान असतो. कोर्टाची पायरी चढायला लावणारी गाठ बहुतेक वेळा इथेच बसते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मात्र 'आई-वडील' या व्याख्येत सावत्र आई-वडीलही आहेत. म्हणजे कायदा त्यांना म्हातारपणी आधार मागू देतो, पण मुलाच्या लहानपणी सही करण्याचा हक्क आपोआप देत नाही!

यावर मार्ग आहेत. 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार सावत्र पालकाला मूल रीतसर दत्तक घेता येते. तसे नको असेल तर मृत्युपत्र करावे आणि बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी यांतील वारसाची नोंद लग्नानंतर लगेच तपासावी. 2022 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल दिला. पतीच्या मृत्यूनंतर तिने पुन्हा लग्न केले होते. कागदपत्रांवर नव्या पतीचा उल्लेख 'सावत्र पिता' असा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश क्रूर आणि अविचारी असल्याचे सांगून, मुलाचे आडनाव ठरविण्याचा हक्क आईचा आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्या शब्दाचा घाव लेकराला किती खोल लागतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळले. आपल्याला कधी कळणार?

कागदाने हक्क मिळतो, नाते मात्र सवडीने जुळते. आल्या दिवशी 'आई म्हण', 'बाबा म्हण' असा आग्रह धरू नये. मावशी म्हटले, काका म्हटले तरी बिघडत नाही. गेलेल्या आईचा फोटो भिंतीवरून काढू नये. तिचे दागिने तिच्या लेकरांच्या नावाने वेगळे ठेवावेत. रागावण्याचे काम सुरुवातीला सख्ख्या आई-बापाने करावे, नव्या माणसाने आधी ओळख वाढवावी. आणि आजी, आत्या, मामा यांनी लेकराला एकांतात 'ती जेवायला देते का?' असे विचारणे बंद करावे. लेकराच्या मनात संशय पेरला जातो तो अशाच प्रश्नांनी.

वंदनेनंतर आपण सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री चिंततो. ती मैत्री घरातल्या लेकरापर्यंत आणि त्याच्या नव्या आईपर्यंत पोहोचत नसेल तर ती तोंडपाठ केलेल्या शब्दांपुरतीच उरली, असे म्हणावे लागेल. विदर्भावर अन्याय होतो, तर तसे सरळ म्हणू या. त्यासाठी घराघरांत कष्टणाऱ्या सावत्र आईला वेठीस धरण्याचे कारण नाही.