वाण्याची पिशवी, मंडईची पिशवी

मराठी कुटुंबाचा बाजार पूर्वी दोन पिशव्यांतून घरी येई. महिन्याच्या आरंभी वाणसामानाची मोठी पिशवी आणि एक दिवसाआड मंडईची लहान. पहिलीत टिकणारे, दुसरीत नासणारे, अशी सरळ वाटणी होती. आता कुटुंब नाशिकचे असो, इंदूरचे असो वा दिल्लीचे, ह्या दोहोंच्या मध्ये पाकिटांची एक तिसरी पिशवी येऊन बसली आहे. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, बंद पाकिटातले तेवढे स्वच्छ. दुसरे म्हणते, पाकिटातले सारे विष. दोन्ही मते विचाराचे कष्ट वाचवतात, एवढाच त्यांचा गुण.

टिकाऊ अन्न ही काही कारखान्यांची देणगी नव्हे. पापड, कुरडया, सांडगे, आमसुले, मोरावळा, खारवलेली मासळी ह्यांची बेगमी पावसाळ्यापूर्वी घरोघर होत आली आहे. जंतूंना वाढण्यास पाणी लागते. ते उन्हाने काढून घ्यावे, अथवा मिठात किंवा साखरेत बांधून टाकावे, म्हणजे पदार्थ टिकतो. अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत फ्रान्समधल्या निकोला आपेर ह्या मिठाईवाल्याने 1810 मध्ये प्रसिद्ध केली. ते अन्न का टिकते ह्याचा उलगडा मात्र पुढे पाश्चरच्या संशोधनाने झाला. आजच्या कारखान्यांच्या पुष्कळशा रीती ह्याच तत्त्वांवर चालतात. फरक आहे तो मात्रेचा. घरचे लोणचे पानात बोटभर वाढले जाई. पाकिटातला खारा पदार्थ पोटभर खाल्ला जातो.

काही जिन्नस मात्र बंद स्थितीतच घ्यावे, ह्यात शंका नाही. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. अंगावर सूज येऊन हजारो माणसे आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. डब्यातून मापाने ओतून दिलेल्या तेलाचा रंग पाहून हे विष ओळखता येण्याजोगे नव्हते. मिठाचेही तसेच. गलगंडावर आयोडीनयुक्त मिठाचा उपाय किती चालतो हे पाहण्यासाठी डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात प्रयोग केला, आणि 1962 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हे आयोडीन दमट हवेत उघड्या मिठातून हळूहळू कमी होते, म्हणून मिठाचे पाकीट बंद हवे. पिशवीतले पाश्चरीकृत दूधही निदान 72 अंशांवर 15 सेकंद तापवलेले असते. हळद एक तर अख्खी आणून दळावी, नाही तर ॲगमार्कची मुद्रा पाहून घ्यावी.

याउलट भाजी आणि फळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, 2000 कॅलरींच्या आहारात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे हवीत. चौघांच्या घरात हे रोजचे दोन किलो झाले, म्हणजे आठवड्याचे चौदा! मंडईतून घरी येणारी पिशवी एकदा तोलून पाहिली, तर बहुतेक घरांत ती हलकी भरेल. खरा तंटा येथे आहे. ठरलेल्या पैशांत बिस्किटांचे आणि वेफर्सचे पुडे वाढले, की कात्री पडते ती पालेभाजीवर आणि पेरूवर. कारण भाजी निवडावी लागते आणि पुडा नुसता फोडला की झाले.

अर्थात ताजे म्हणजे केवळ न बांधलेले नव्हे. दोन दिवस उन्हात पडलेल्या मेथीतले क जीवनसत्त्व बरेचसे गेलेले असते. तोडून ठेवलेल्या मटाराच्या साखरेचे पिठूळ स्टार्च बनते. त्यापेक्षा शेतातून निघताच वाफवून गोठवलेला मटार उजवा ठरू शकतो. उत्तरेत थंडीच्या दिवसांत मटार स्वस्त असतो. तेव्हाच तो सोलून, क्षणभर उकळत्या पाण्यातून काढून गोठवून ठेवणारे घर शहाणे म्हणावे.

तिसऱ्या पिशवीची परीक्षा तिच्या पाठीवर छापलेली असते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावेत असा नियम आहे. तेव्हा ‘पौष्टिक’ म्हणवणाऱ्या खाऊच्या यादीत साखर पहिली वा दुसरी असेल, तर पुढल्या चित्रातल्या गव्हाच्या ओंब्यांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. मिठाऐवजी तेथे सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. शंभर ग्रॅममागे 1000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अर्थात एका माणसाच्या दिवसाच्या मर्यादेपैकी अर्धे.

तारखांतही भेद आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही चव व गुण उत्तम राहण्याची मुदत. ‘यूज बाय’ वा ‘एक्सपायरी’ ही मुदत उलटली की पदार्थ खाऊ नये. दोन्ही न फोडलेल्या पाकिटाला लागू. पुडा फोडून जिन्नस डब्यात ओतला की तारीख केराच्या टोपलीत जाते. म्हणून काही गृहिणी पाकिटाची तेवढी पट्टी कातरून, आतल्या पिठाला लागू नये अशा बेताने, डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवतात.