श्वास थांबविण्यापूर्वी

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रोग्याला "आ करा" असे का सांगतात, अशी पृच्छा पुष्कळजण करतात. ऑपरेशन आतड्याचे, मग तोंड कशाला पाहावयाचे? संबंध आहे, आणि तो थेट जिवाशी आहे.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारे औषध द्यावे लागते. त्याने हातापायांबरोबर श्वासाचे स्नायूही थांबतात. मग श्वासनलिकेत नळी घालून रोग्याचा श्वास डॉक्टरांनी चालवावयाचा. श्वास थांबणे आणि नळी बसणे यांमधला काळ कसोटीचा. आधी तीन-चार मिनिटे मुखवट्यातून प्राणवायू दिला, तर निरोगी प्रौढाला सात-आठ मिनिटांची शिदोरी मिळते. लठ्ठ माणसाची व गरोदर स्त्रीची शिदोरी पुष्कळच तोकडी.

आता सुपारीकडे वळू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण सुपारी चघळण्याची सवय काही गेली नाही; आणि तंबाखू नसली तरी एकटी सुपारीही अपाय करते. वर्षानुवर्षे चघळल्याने गालाचे आतले अस्तर तंतुमय व ताठ होते. तोंडात तीन बोटे उभी शिरत नाहीत. कोणी म्हणेल, स्नायू सैल केले की जबडा उघडेल. गळवाच्या ठणक्याने मिटलेला जबडा पुष्कळदा उघडतोही. परंतु सुपारीने आखडलेले अस्तर म्हणजे स्नायू नव्हे. औषधाने ते सैल होत नाही, श्वास मात्र थांबतो! म्हणून अशा रोग्याला जागेच ठेवतात. नाक व घसा लिग्नोकेनने बधिर करून, नाकातून लवचीक दुर्बिणीच्या आधाराने नळी सरकवितात. तोवर तो आपला आपण श्वास घेत असतो. ऐकावयास हे भयंकर वाटते, पण सुरक्षित मार्ग हाच.

दुसरा प्रसंग शेतीचा. बारामती-इंदापूरच्या नीरा डाव्या कालव्याखालील बागायतीत फवारणीचे औषध घरोघरी असते. ते पोटात गेलेल्या माणसाचा श्वास अडखळतो. नळी तातडीने हवी असते. सक्सिनिलकोलीन हे औषध मिनिटभरात लागू पडते व एरवी पाच-दहा मिनिटांत ओसरते, कारण रक्तातील एक विकर त्याचे विघटन करते. क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशके नेमके तेच विकर निकामी करतात, आणि मिनिटांचा परिणाम तासांवर जातो. तेथे रोक्युरोनियम बरे. मोठ्या मात्रेत तेही मिनिटभरात काम करते, आणि सुगामाडेक्स हाताशी असल्यास उतरविताही येते. तेव्हा नातेवाइकांनी बाटली फेकून देऊ नये. पिशवीत बांधून रोग्याबरोबर न्यावी. लेबलावरचे नाव वाचून डॉक्टरांना कोणते औषध टाळावयाचे ते कळते.